गिझर, सोलर, हीटर: वाचकांच्या थंडीतल्या तक्रारी

नागपूरच्या उन्हाळ्याची ख्याती एवढी, की इथे थंडीही पडते हे बाहेरच्या माणसाला पटवून द्यावं लागतं. २९ डिसेंबर २०१८ ला शहराचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्याआधीचा नीचांक ३.९ अंशांचा, ७ जानेवारी १९३७ चा. दरवर्षी इतकं होत नाही, पण आठ-दहा अंशांच्या पहाटा काही नवलाच्या नाहीत. कूलर आपण मार्चमध्येच धुऊन-पुसून तयार ठेवतो. गिझर आणि हीटर मात्र आठ-नऊ महिने तसेच पडलेले असतात आणि पहिल्या कडाक्याच्या सकाळी एकदम कामाला जुंपले जातात. या महिन्याची बहुतेक पत्रं त्याच सकाळची आहेत.

प्रश्न: बोअरचं पाणी आहे. २५ लिटरचा गिझर, चार वर्षं झाली. यंदा लावल्यापासून आतून कटकट-खदखद आवाज करून राहिला आणि पाणी तापायला तासभर लागून राहिला. वायरमन म्हणतो एलिमेंट बदला. बदलू का? (वाचक, बेसा)

थांबा, घाई करू नका. आवाज आणि वेळ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

आवाज क्षाराचा आहे. बोअरच्या जड पाण्यातला चुना पाणी तापलं की विरघळलेला राहत नाही, एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या नळीवर, पांढऱ्या पापुद्र्यासारखा बसतो. त्या पापुद्र्याखाली अडकलेलं पाणी जागच्या जागी उकळतं, वाफेचा बुडबुडा फुटतो, त्याची ही कटकट.

आता वेळ. क्षार बसला की वीज जास्त जाते असं सरसकट सांगितलं जातं, ते अर्धवट खरं आहे. दोन किलोवॉटचं एलिमेंट क्षाराखालीही दोन किलोवॉटच घेतं आणि ती उष्णता शेवटी पाण्यातच जाते. फक्त एलिमेंट स्वतः फार तापतं आणि लवकर मरतं. उशीर होण्याची कारणं दुसरीच असतात. पहिलं म्हणजे येणारं पाणीच गार आहे. टाकीतलं पाणी मे महिन्यात ३२ अंशांचं असतं, जानेवारीच्या पहाटे १८ चं. २५ लिटर पाणी १८ वरून ६० वर न्यायला सुमारे १.२ युनिट लागतं, म्हणजे दोन किलोवॉटला ३७-३८ मिनिटं. मे महिन्यात हेच काम २५ मिनिटांत होत होतं. दुसरं कारण व्होल्टेज. सकाळी गल्लीतले सगळे गिझर एकदम चालू होतात. व्होल्टेज २३० वरून २०० वर आलं तर दोन किलोवॉटचं एलिमेंट दीड किलोवॉटचंच काम करतं आणि ३७ मिनिटांची पन्नास होतात. तिसरं कारण थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेलं तापमान आलं की वीज बंद करणारा भाग. त्याची नळी एलिमेंटच्या शेजारीच असते. दोघांमध्ये क्षार भरला की नळीला पाण्याऐवजी एलिमेंटची धग लागते, तो लवकर बंद होतो, जरा निवला की पुन्हा चालू. लाल दिवा असा पुन्हा पुन्हा लागत-विझत असेल तर कारण हेच.

तेव्हा आधी साफ करा. बोर्डातला एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली पाडा, नुसत्या बटणावर भागवू नका. गार पाण्याचा व्हॉल्व बंद करून गरम पाण्याचा नळ उघडा आणि खालच्या बाजूने टाकी पूर्ण रिकामी करा. खालचं झाकण काढलं की वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या, मगच त्या सोडा. फ्लँजचे, म्हणजे एलिमेंट बसवलेल्या चकतीचे, नट काढले की एलिमेंट, थर्मोस्टॅटची नळी आणि मॅग्नेशियमचा ॲनोड एकत्र बाहेर येतात. किराण्यात मिळतं ते सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफूल, पाच लिटर कोमट पाण्यात पाव किलो घाला आणि एलिमेंटची फक्त नळीची बाजू त्यात दीड-दोन तास बुडवून ठेवा. वायर जोडायची टोकं कोरडी राहिली पाहिजेत. क्षार फसफसत सुटतो. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडायचं नाही आणि संडास धुवायचं ॲसिड तर अजिबात वापरायचं नाही. ते क्षाराबरोबर तांबंही खातं. टाकीच्या तळाशी साठलेली पांढरी रेती हाताने काढा.

ॲनोड नीट पाहा. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो, तेच त्याचं काम. अर्ध्याहून बारीक झाला असेल किंवा मधली लोखंडी तार दिसत असेल तर नवा घाला. ॲनोड स्वस्त असतो, टाकी नाही. फ्लँजखालचं रबरी गॅस्केट दर खेपेला नवंच घ्या. नट मोटारीच्या चाकासारखे समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. मग पाणी सोडा. गरम नळातून हवा फुरफुरणं थांबून सलग धार येईपर्यंत वीज लावू नका. कोरड्यात चालू केलेलं एलिमेंट काही मिनिटांत जळतं, आणि दुरुस्तीनंतर लगेच जळालेली एलिमेंटं बहुधा अशीच गेलेली असतात.

बदलायचं केव्हा? नळीला खड्डे किंवा चीर पडली असेल तेव्हा, किंवा मीटरवर रोध जुळत नसेल तेव्हा. दोन किलोवॉटला तो २६ ओहमच्या आसपास हवा, तीनला साडेसतरा. बोअरच्या पाण्यावर ही साफसफाई दरवर्षी दिवाळीनंतर करा. कन्हान-पेंचचं नळाचं पाणी असेल तर दोन-तीन वर्षांनी चालतं. तापमान ५०-५५ वर ठेवा. साठच्या वर क्षार झपाट्याने बसतो आणि आंघोळीला तितकं गरम पाणी कुणी घेतही नाही.

प्रश्न: गिझरच्या बाजूच्या छोट्या व्हॉल्वमधून थेंब थेंब पाणी गळतं. प्लंबरने तिथे बूच मारून देतो म्हटलं. (वाचक, नंदनवन)

बूच मारू देऊ नका. तो सेफ्टी व्हॉल्व आहे. २५ लिटर पाणी १८ वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे ४०० मिलिलिटरने फुगतं. मागे नॉन-रिटर्न व्हॉल्व असल्यामुळे त्याला परतीची वाट नसते, म्हणून ते इथून बाहेर पडतं. तापताना पेलाभर पाणी गळणं म्हणजे व्हॉल्व ठीक आहे. खाली एक बारीक नळी लावून ती मोरीत सोडा. गिझर गार असतानाही गळत असेल तर मात्र व्हॉल्वच्या बैठकीत क्षार अडकला आहे. त्याची छोटी कळ दोन-तीनदा उचलून पाणी जोरात वाहू द्या, तरी थांबलं नाही तर व्हॉल्व बदला. घरात प्रेशर पंप बसवला असेल तर त्याचा दाब गिझरवर लिहिलेल्या दाबाशी ताडून पाहा.

प्रश्न: जुनं घर आहे. गिझर लावला की प्लग हात लावू देत नाही इतका तापतो. सॉकेट दोनदा बदललं. (वाचक, महाल)

सॉकेट बदललं, पण त्यामागची वायर? तीन किलोवॉटचा गिझर १३ अँपिअर ओढतो. सॉकेटमधल्या ढिल्या जोडात नुसता ०.१ ओहम रोध असला तरी तेवढ्या एका बिंदूवर १७ वॉट उष्णता तयार होते. बोटाच्या पेराएवढ्या जागेत सतरा वॉट म्हणजे बॅकेलाइट काळं पडायला आणि पितळेची पकड सैल व्हायला पुरेसे. पकड सैल झाली की रोध वाढतो आणि उष्णताही वाढते. हे चक्र स्वतःहून थांबत नाही.

प्लगच्या पिना काढून बघा. एकच पिन काळी असेल तर दोष त्या बाजूच्या जोडात आहे. दोन्ही पिना तापत असतील आणि सॉकेटपासून वीतभर वर भिंतसुद्धा कोमट लागत असेल तर वायर बारीक आहे. दोन किलोवॉटला २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, तीनला ४, आणि ती थेट बोर्डापासून स्वतंत्र ओढलेली हवी. जुन्या वाड्यांतून अजून ॲल्युमिनियमची वायर सापडते. ती स्क्रूखाली हळूहळू दबते आणि जोड पुन्हा सैल होतो, त्यामुळे तुमचं तिसरं सॉकेटही जळेल. आमचा सल्ला असा की वायर बदला, प्लग-सॉकेट काढूनच टाका आणि गिझर २० अँपिअरच्या डबल-पोल स्विचला थेट जोडून घ्या.

प्रश्न: पावसाळाभर बंद असलेला गिझर लावला की घराचा आरसीसीबी पडतो. (वाचक, जरीपटका)

आरसीसीबी म्हणजे करंट कुठे गळला की वीज तोडणारा खटका. एलिमेंटच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. ती ओल धरते. टोकाचं सील कमजोर असेल तर पावसाळ्यात दमटपणा आत शिरतो आणि थोडा करंट बॉडीत उतरतो. आरसीसीबी तीस मिलिअँपिअरला पडतो, म्हणजे तो त्याचं काम चोख करतो आहे. वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर, एलिमेंट मोजून घ्या. एक मेगाओहमच्या खाली आलं तर बदला. आरसीसीबी काढून ‘डायरेक्ट’ करून देणाऱ्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नका.

प्रश्न: गच्चीवर २०० लिटरचा सोलर, नळ्यांचा. उन्हाळ्यात चटका बसतो, डिसेंबरमध्ये दुसऱ्या माणसापर्यंतच पाणी संपतं. घरात पाच जण. (वाचक, मानेवाडा)

सोलर बिघडला असं गृहीत धरण्याआधी बादलीचा हिशेब करा. स्वच्छ ऊन असेल तर हिवाळ्यात अशा संचात पाणी साधारण ३०-३२ अंशांनी चढतं. १८ चं पाणी ५० वर येतं. आंघोळीची २० लिटरची बादली ४० अंशांची करायला त्यातलं १४ लिटर गरम पाणी लागतं. मे महिन्यात टाकीत ६५ अंशांचं पाणी असतं आणि गार नळालाच ३२ चं येतं, तेव्हा त्याच बादलीला पाच लिटर पुरतं. म्हणजे हिवाळ्यात माणशी खर्च जवळजवळ तिप्पट. पाच जणांच्या दोन-दोन बादल्या म्हणजे १४० लिटर. दोनशेच्या टाकीत ते बसायला हवं, पण दुसऱ्याच माणसाला संपतं म्हणजे कुठेतरी गळती किंवा मिसळ आहे.

सर्वांत आधी मिक्सर तपासा. एखाद्या नळाला गरम-गार दोन्ही चाव्या उघड्या आणि पुढे शॉवरची किंवा जेटची कळ बंद, असं कुणी ठेवलं की जास्त दाबाचं गार पाणी त्या मिक्सरमधून उलटं गरम लाइनीत घुसतं आणि सगळ्या घराला कोमट पाणी येतं. ओळखायचं असं: टाकीच्या गरम आउटलेटचा व्हॉल्व गच्चीवर बंद करा आणि खाली गरम नळ उघडा. तरीही धार चालूच राहिली तर गार पाणी कुठून तरी आत येतं आहे. असा दोष असताना सोलरवाल्याला बोलावून काही होत नाही, प्लंबरच लागतो.

मग सावली. नागपुरात २२ डिसेंबरच्या सुमारास भर मध्यान्हीचा सूर्यही फक्त ४५ अंश उंच असतो, आणि इथे मध्यान्ह होते बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी. त्या क्षणाला सावली वस्तूच्या उंचीएवढीच असते. सकाळी नऊला ती दुपटीहून लांब. दक्षिणेला दोन मीटर उंच सिंटेक्स टाकी उभी असेल तर उन्हाळ्यात तिचा त्रास जाणवत नाही, हिवाळ्यात मात्र नळ्यांवर सावली येते. शेजारी यंदा मजला चढला असेल तर तेही पाहा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता वर जाऊन बघितलं की कळतं. स्टँड नव्याने बसवायची वेळ आली तर तोंड दक्षिणेला आणि कल ३० ते ३५ अंश ठेवा. उन्हाळ्यात थोडं कमी तापेल, पण तेव्हा कुणाला हवंय!

नळ्या जवळून पाहा. चांगल्या नळीच्या खालच्या टोकाला आत चंदेरी आरशासारखा लेप दिसतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर तिच्या दोन काचांमधली निर्वात पोकळी गेली. ती नळी दिवसा तापते तशी रात्री पाणी थंडही करते, बदलावीच लागते. विदर्भात जानेवारी-फेब्रुवारीत गारपीट होते, तिच्यानंतर सगळ्या नळ्या नजरेखालून घाला. बोअरचं पाणी असेल तर नळ्यांच्या तळाशी क्षाराचा गाळ बसतो. वर्षातून एकदा नळ्या काढून धुवा, काळ्या सिलिकॉन रिंगा कडक झाल्या असतील तर बदला, टाकीतला गाळही सोडून द्या. हे काम सूर्य उगवायच्या आत करायचं. भर उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी सोडलं की ती तडकते.

आणि शेवटचं, पाइप. गच्चीपासून तळमजल्याच्या मोरीपर्यंत पाऊण इंची सीपीव्हीसीचा २० मीटर पाइप असेल तर त्यात पाच लिटर पाणी मावतं. रात्रभर ते गार होतं आणि सकाळी प्रत्येक नळाशी वाया जातं. पाइपावर फोमची नळी चढवा आणि तिच्यावर उन्हाला टिकणारी टेप गुंडाळा, नाहीतर दोन उन्हाळ्यांत फोमचा भुगा होतो. सगळं तपासून पाणी तरी अपुरं पडलंच तर टाकीत दोन किलोवॉटचं बॅकअप एलिमेंट आणि थर्मोस्टॅट बसवता येतो. ढगाळ दिवसासाठी तो असावाच.

प्रश्न: ८०० वॉटचा दोन दांड्यांचा हीटर रात्रभर चालवूनही खोली गरम होत नाही. हीटर ऑक्सिजन खातो, घसाही सुकतो. दोन हजार वॉटचा ब्लोअर घ्यावा का? (वाचक, त्रिमूर्तीनगर)

खोलीच्या खिडकीत कूलर आहे का? पत्रात लिहिलेलं नाही, पण असणारच. नागपुरात खिडकीतला कूलर दिवाळीनंतरही तिथेच असतो. त्याच्या ताट्या वाळून सैल झालेल्या, आतला पंखा बंद, म्हणजे भिंतीत फूट-दीड फुटाचं सरळ आरपार भोक. बारा बाय बारा, दहा फूट उंच खोलीत सुमारे ४१ घनमीटर हवा असते. ती तासाला फक्त तीनदा बदलली आणि आत-बाहेर दहा अंशांचा फरक ठेवायचा असला तरी साधारण ४०० वॉट उष्णता सतत बाहेर जाते. म्हणजे तुमच्या हीटरची एक दांडी निव्वळ कूलरच्या भोकासाठी जळते आहे.

कूलरच्या तोंडावर आतल्या बाजूने थर्माकोलची शीट कापून बसवा, वरून जाड प्लॅस्टिक आणि कडेला टेप. कूलर निघत असेल तर काढून त्या जागी प्लायवूड. दाराच्या खालच्या फटीत जुन्या चादरीची गुंडाळी. एवढं करून आठवडाभर पाहा. बहुतेक खोल्यांना मग ८०० वॉट पुरतात. ब्लोअर घ्यायचाच झाला तर त्याला १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. एक्स्टेन्शन बोर्डवर तो कधीच लावू नका. पहिल्यांदा लावताना जळका वास येतो तो वर्षभराच्या धुळीचा. दांड्यांवरची आणि मागच्या जाळीची धूळ ब्रशने काढून, दहा मिनिटं खिडकी उघडी ठेवून चालवा. वास त्यानंतरही येत राहिला तर बंद करून पंख्याचं बेअरिंग आणि वायरींचे जोड पाहून घ्या.

दांड्यांचा हीटर रात्रभर चालू ठेवून झोपणं मात्र बंद करा. रजईचं टोक दांड्यांवर पडायला काही लागत नाही. झोपायच्या आधी तासभर खोली तापवून तो बंद करा. रात्री लागतोच, घरात तान्हं बाळ आहे, तर तेलाचा रेडिएटर घ्या. त्याला थर्मोस्टॅट असतो आणि उघडी लाल दांडी नसते. हीटर ‘ऑक्सिजन खातो’ असं तुम्ही लिहिलंय. विजेचा हीटर काहीच जाळत नाही, त्यामुळे ऑक्सिजन खात नाही. घसा सुकतो त्याचं कारण वेगळं. १२ अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा २२ अंशांवर नेली की तिची आर्द्रता ३७ टक्क्यांच्या आसपास येते. भांडंभर पाणी ठेवा.

प्रश्न: एसीच्या रिमोटवर सूर्याचं चिन्ह आहे. ते लावलं तर नुसती गार हवा येते. (वाचक, धरमपेठ)

रिमोट सगळ्या मॉडेलला एकच असतो, यंत्र तसं असेलच असं नाही. बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर ‘हीटिंग’ क्षमता वेगळी लिहिलेली असेल तरच तुमचा एसी गरम करतो. लिहिलेली असेल तर पाच मिनिटं वाट पाहा. आतली कॉइल तापेपर्यंत पंखा मुद्दाम बंद किंवा मंद ठेवलेला असतो. तापमान २२-२४, पाती खाली वळवलेली, कारण गरम हवा छताला जाऊन बसते. जाळी पंधरा दिवसांनी धुवा. बाहेरच्या युनिटमधून या काळात पाणी ठिबकतं, ते बरोबर आहे. अर्धा तास थांबूनही गारच हवा येत असेल तर फोर-वे व्हॉल्व (एसीला गारवरून गरमवर नेणारा) किंवा त्याची कॉइल तपासायला सांगा.

नागपूरच्या थंडीत असा एसी एका युनिट विजेत सुमारे तीन युनिटांची उष्णता देतो, हीटर एकाला एकच. नुसत्या दोन महिन्यांसाठी नवा एसी घेणं आम्हाला पटत नाही. जुना बदलायचाच असेल तर मात्र हॉट-अँड-कोल्ड घ्या.

प्रश्न: गॅस गिझर बाथरूममध्ये आहे. मध्येच विझतो. आईला आंघोळीनंतर गरगरतं, बीपीचं असेल का? (वाचक, गोधनी)

तो गिझर आजपासून वापरू नका. विझण्याचं नंतर बघू.

बंद बाथरूममध्ये गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, गरगरणं, पायातलं त्राण जाणं ही त्याची लक्षणं, आणि पाय गळालेला माणूस दाराची कडी उघडू शकत नाही. आईला डॉक्टरांकडे न्या आणि गॅस गिझरचा उल्लेख नक्की करा. एक्झॉस्ट फॅन लावून भागेल असं समजू नका. दार बंद असताना तो जळालेली हवा उलट आतच ओढू शकतो. गिझर बाहेर, मोकळ्या हवेच्या बाल्कनीत किंवा मागच्या ओट्यावर हलवा. बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याचा पाइप यावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपणाऱ्यांनाही हेच लागू आहे, दार-खिडकी लावून शेगडी नाहीच.

हलवल्यावर मग विझण्याकडे या. दीड व्होल्टचे दोन मोठे सेल दर हिवाळ्याला नवे टाका. पाण्याच्या तोंडाशी असलेली जाळी काढून धुवा. वरच्या मजल्यावर टाकीचा तळ गिझरपेक्षा जेमतेम दीड मीटर उंच असेल तर दाब ०.१५ बारच मिळतो. तेवढ्याने आतला डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, स्विच दाबत नाही आणि ज्योत विझते. टाकी उंच करा किंवा छोटा पंप लावा. बऱ्याच मॉडेलमध्ये वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, तो बिघाड नव्हे. ज्योत निळी हवी. पिवळी असेल तर बर्नरमध्ये धूळ किंवा कोळ्याचं जाळं आहे, मेकॅनिककडून साफ करून घ्या. सिलिंडर संपत आला की थंडीत गॅसचा जोर कमी पडतो, त्यावर काही लोक सिलिंडर गरम पाण्यात ठेवतात. तसं करू नका, सिलिंडर बदला.

प्रश्न: पाणी तापवायच्या रॉडवर पांढरा थर आला आहे. घासून चालेल का? (वाचक, हिंगणा रोड)

घासू नका, लिंबूफुलाच्या पाण्यात फक्त खुणेपर्यंत बुडवून ठेवा, वरची टोपी कोरडी राहू द्या. वापरताना रॉडवरच्या किमान पातळीच्या खुणेपर्यंत पाणी असलंच पाहिजे. प्लॅस्टिकच्या बादलीत दांडी काठाला टेकता कामा नये. पाणी तापलं का हे बघायला बोट घालायच्या आधी बटण बंद आणि प्लगही बाहेर. नळीवर चीर, फुगवटा किंवा हिरवा डाग दिसला तर तो रॉड भंगारात द्या आणि नवा आयएसआय खुणेचाच घ्या.